दौंडहून आणलेलं इंजिन

बसा. चहा सांगितलाय. तुमच्या गाडीचं मी बघून ठेवलंय, इंजिनाचा ब्लॉक फुटलाय. आन् आता तुम्ही विचारताय, बाळासो मिस्त्री, जुनं इंजिन आणून दिलं तर बसवून द्याल का? न्हाई. शिरूरमधी बसवणारे पन्नास हाईत, त्यांच्याकडं जावा, पत्ता मी देतो. का न्हाई, ते ऐकायचं आसंल तर ऐका. पर मधीच हसू नका. हसणाऱ्या गिऱ्हाइकाला मी चहा पाजत न्हाई.

अठ्ठ्याण्णव सालची गोष्ट. माझा जावई मल्हार वडापची, म्हंजी शिटा भरून न्यायची, जीप चालवायचा. त्याच्या जीपचं इंजिन बसलं, आन् ते धूड आणून उभं केलं माझ्याच दारात. घरचं झालं थोडं आन् व्याह्यानं धाडलं घोडं. पर पोरीचा नवरा, करतो काय! माझी नीलम तवा बाळंतपणाला माहेरी आलेली. नात झाली व्हती, प्रगती, चार महिन्यांची. मल्हारच्या घरच्यांनी नवस बोललेला, की दसऱ्याला पोरीला जेजुरीला देवाच्या पायावर घालायची आन् तिथनंच सासरी न्यायची. म्हंजी दसऱ्याच्या पहाटे माझी लेक आन् माझी नात त्या जीपमधी बसणार, आन् त्या जीपला इंजिन मी बसवणार. हे ध्यानात ठिवा. बाकीचं इसरलात तरी चालंल.

नवरात्राच्या दुसऱ्या माळेला मी आन् मल्हार दौंडला गेलो. रेल्वे लाइनीच्या पलीकडं एका भंगारवाल्याचं आवार व्हतं. पत्र्याखाली सात-आठ इंजिनं मांडलेली, त्यातलं एक पोत्याखाली झाकलेलं. मी पोतं उचललं. ब्लॉकला चीर न्हाई, नंबर खोडलेला न्हाई, हातानं चाक फिरवलं तर लोण्यासारखं फिरलं.

"गाडी कशानं गेली?" मी विचारलं. हे विचारावंच लागतं. आगीतली आसंल तर हेड वाकलेलं असतं, पाण्यातली आसंल तर आतनं सगळं गंजतं.

"उभी व्हती," भंगारवाला म्हणला. "उभ्या-उभ्या गेली." आन् पोतं गोळा करून दुसरीकडं बघाय लागला.

टेम्पोत घालून न्हावऱ्यावरनं शिरूरला आणलं. आता मी कसं काम करतो ते सांगतो. जुनं इंजिन म्हंजी दुसऱ्याच्या घरातली सून, तिच्या माहेरी काय झालं ते ती सांगत न्हाई, आपणच बघून घ्यायचं. मी हेड खोललं, तेलाचं चेंबर खोललं, पिस्टन काढले. पाण्यात गेलेल्या इंजिनाची एक खूण असती. चालू इंजिनात पाणी शिरलं की पिस्टन ते दाबाया जातो, पाणी काय दबत न्हाई, मग कनेक्टिंग रॉड वाकतो. चारी रॉड काचेवर ठिवून बघितले. सरळ. मी खूश. पाण्यातलं न्हाई म्हणलं.

पर चेंबरच्या तळाला बोटभर गाळ व्हता. काळा, मऊ, खेकड्याच्या बिळातनं निघतो तसा. आन् हवेच्या पाइपात बोट घातलं तर बोट पिवळंधमक. वास घेतला. हळद. म्हणलं, भंडारा आसंल, जेजुरीच्या बाजूची गाडी, तिच्यात भंडारा न्हाई तर काय अत्तर सापडणार? गाळाचंही तसंच. उघड्यावर पडलेलं इंजिन, पावसानं गेला आसंल गाळ. अति शहाणा त्याचा बैल रिकामा म्हणत्यात, ते माझ्यावरनंच म्हणत आसतील. डिझेलनं तीनदा धुतलं. तिन्ही बारीला डिझेल पिवळं निघालं.

नव्या रिंगा घातल्या, बेअरिंगा बदलल्या, व्हॉल्व घासून बसवले, गॅस्किट नवं. आठव्या माळेच्या रातीला इंजिन बांधून झालं. ऱ्हायलं काय, तर व्हॉल्ववरचे टॅपेट सेट करायचे आन् गाडीत घालायच्या आधी घोडीवर चालवून बघायचं. घोडी म्हंजी लोखंडाचा स्टँड, जुनं इंजिन आधी तिच्यावर तासभर चालवल्याबिगर मी गाडीत घालत न्हाई.

आन् दुसऱ्या दिवशी खंडेनवमी.

आमच्यात त्या दिवशी हत्यारं धुवायची, फळीवर मांडायची, हळद-कुंकू, झेंडूचा हार, नारळ. सकाळी पूजा झाली की त्या हत्याराला दसऱ्यापातुर हात लावायचा न्हाई. पाना, हातोडा, पोपट-पाना, सगळ्यांची सुट्टी. मी सकाळी साग्रसंगीत पूजा केली. आमच्या गाळ्यांची सगळी लाइन बंद झाली, वायरमन, पंक्चरवाला, वेल्डर, समदे आपापल्या घरी. अकराला मल्हार घरी आला.

"मामा, उद्या पहाटं चारला निघायचंय. घरचे सगळे तयार हाईत."

"आज खंडेनवमी हाय, बाबा."

"मंग देवाला काय सांगू? सासऱ्यानं सुट्टी घेतली म्हणू?"

असं लागलं मला ते बोलणं! माझी बायको कस्तुराबाई दारातनंच म्हणली, "काय बी करा, हत्यारं उचलू नका. आज ती झोपलेली असत्यात." मी म्हणलं, नाय उचलत, मी बाजारात झेंडू आणाया चाललोय. आन् तडक गॅरेजमधी आलो. कुणी बघू नये म्हणून आत शिरलो, शटर खाली वढलं आन् आतनं कडी घातली. भर दुपारचा एक. फळीवरच्या हारातनं चौदा-पंधराचा पाना उचलला, तवा त्याच्या खालचं कुंकू माझ्या बोटाला लागलं. मी ते चड्डीला पुसलं. एवढी अक्कल माझी.

आत अंधार न्हवता बरं. वरच्या पत्र्याला दोन प्लास्टिकचे पत्रे व्हते, त्यातनं उजेड यायचा. टॅपेट सेट केले. डिझेलचा डबा वर टांगला, नळी पंपाला जोडली, धुराचा पाइप मागच्या भिंतीच्या भोकातनं बाहेर काढला. बॅटरी लावली. अर्ध्या फेऱ्यात इंजिन चालू झालं.

काय सांगू तुम्हाला, असा गोड आवाज! ना खडखड, ना धूर. मी स्वतःच्याच पाठीवर थाप मारून घेतली. मनात म्हणलं, नीलम, उद्या तुझा बाप तुला जेजुरीला उडवत नेतो बघ.

पाच-दहा मिंटं झाली आसतील. आवाजाच्या खाली दुसरा एक आवाज यायला लागला.

ठप. ठप ठप. ठप.

टॅपेट सैल आसंल म्हणलं. आमच्यात लांब स्क्रू ड्रायव्हर घेत्यात, टोक ब्लॉकला टेकवायचं आन् मूठ कानाला लावायची, डाक्टरच्या नळीवानी आतलं सगळं ऐकू येतं. पहिल्या सिलिंडरला लावलं. नीट. दुसऱ्याला, नीट. तिसऱ्याला. चौथ्याला लावलं. आतनं कुणीतरी पत्र्यावर हात मारत व्हतं. एक हात न्हाई. लई हात. बांगड्यांचा आवाज व्हता त्यात. आन् मधीच अगदी बारीक, तोंडात पाणी गेल्यावर माणूस बोलतं तसं...

"कडी... कडी काढ..."

मी स्क्रू ड्रायव्हर फेकला. पंपाचा दांडा वढून इंजिन बंद केलं. झालं न्हाई. डिझेलची नळी उपटली, डिझेल भुईवर सांडलं, इंजिन चालूच. आता हे ऐका, मिस्त्री माणूस हाय मी, खुळा न्हाई. डिझेल इंजिन कधीकधी आपलंच तेल पिऊन चालत ऱ्हातं, आम्ही म्हणतो इंजिन पळालं. पर पळालेलं इंजिन किंचाळतं, वेग वाढत वाढत फुटायला येतं. हे सावकाश चालत व्हतं. घाटात चढाला लागलेल्या भरल्या गाडीगत.

पळालेल्या इंजिनाची हवा कोंडायची, हा एकच इलाज. मी गोणपाटाचा बोळा करून हवेच्या तोंडात कोंबला, दोन्ही हातांनी दाबून धरला. बोळा गार झाला. मग ओला झाला. मग माझ्या कोपरावरनं पाणी ओघळाय लागलं, पिवळं पाणी, आन् इंजिन चालूच. तोंडात हवा न्हाई, पोटात डिझेल न्हाई, आन् चालूच!

मी बोळा सोडला आन् शटरकडं पळालो. आतली कडी काढली. शटर वर लोटलं. हललं न्हाई. खांदा लावला. न्हाई. रोज एका हातानं उचलतो ते शटर, आज भिंत झालेलं.

मागं वळून बघितलं तर भुईवर धूर साचत व्हता. भिंतीतला पाइप जागेवर व्हता, तरी धूर आतच येत व्हता. आन् तो धूर न्हवताच, गार व्हता, डिझेलचा वास न्हाई त्याला. कॅनालच्या कडंला शेवाळाचा वास येतो ना, तसा. घोट्यापातुर आला. गुडघ्यापातुर आला. वर पसरत न्हवता, सपाट चढत व्हता, हौदात पाणी चढतं तसा. कमरंपातुर आला तवा मी टेबलावर चढलो. फळीवरची माझी हत्यारं बुडाली त्यात. झेंडूचा हार वर आला आन् तरंगाय लागला... धुरावर कधी हार तरंगतो का, तुम्हीच सांगा.

तरी मी वरडलो न्हाई बघा. लाज वाटली! खंडेनवमीला बाळासो हत्यारं उचलून काम करताना गावला, हे चार लोकांत व्हईल म्हणून मी गप. माणूस किती येडा असतो. पार गळ्यापातुर गार चढलं, श्वास घेतला तर छातीत पाणी गेल्यागत ठसका लागला, तवा कुठं माझी लाज सुटली. उडी टाकून शटरकडं आलो आन् दोन्ही तळव्यांनी बडवाय लागलो.

"उघडा! आरं कुणी हाय का! मी आत हाय!"

कोण असणार? सगळी लाइन बंद. मी घरी झेंडूचं सांगून आलेलो. माझ्या लेकीला, बायकोला, कुणाला ठावं न्हाई मी कुठं हाय ते. डोळ्यापुढं काजवे चमकाय लागले. आन् मग माझ्या ध्यानात आलं. मी बडवत व्हतो, ठप, ठप ठप, ठप, आन् इंजिनातला आवाज माझ्या हाताबरोबर पडत व्हता. मी थांबलो. तो थांबला न्हाई. तो आता इंजिनातनं येतच न्हवता. माझ्या डाव्या अंगाला शटर वाजत व्हतं. उजव्या अंगाला वाजत व्हतं. माझ्या गुडघ्याच्या उंचीवर, खाली, कुणीतरी बारक्या हातानं वाजवत व्हतं.

मी डोळे मिटून घेतले. उघडलेच न्हाईत. खंडेराया, नातीचं तोंड एकदा दाव, एवढंच म्हणत ऱ्हायलो.

बाहेर काहीतरी खरवडल्याचा आवाज आला. शटर धडधडत वर गेलं, आन् त्याच क्षणाला इंजिन बंद पडलं. मी रस्त्यावर पालथा.

शटर उचललं व्हतं बानूबाईनं. म्हातारी धनगराची बाई, आमच्या लाइनीच्या मागं मेंढरं चारायची. तिच्या हातात तारेचं भेंडोळं.

"मिस्त्री, शटरला भाईरनं तार कुणी गुंडाळली वं? नखं तुटली माझी सोडवताना."

मी खोकत बसलो. श्वास आला तसं बघितलं, तर बानूबाई शटर तसंच वर धरून उभी. एका अंगाला सरकलेली, पदर आवरून. जत्रंत गर्दीला वाट द्यायला बायका उभ्या ऱ्हात्यात तशी.

"बानूबाई, सोडा ते शटर."

"आवं, थांबा की. मागची येऊ द्या." आन् आतल्या मोकळ्या हवेला म्हणती कशी, "सावकाश गं बायांनो, डोकी जपा."

मी बसल्या जागी मागं सरकलो. ती जरा वेळ तशीच उभी ऱ्हायली. मग शटर सोडून हात झटकले.

"नवमीच्या दिशी एवढी माणसं कोंडून कसलं काम काढलं व्हतं?" ती म्हणली.

"कुठली माणसं?"

"आता गं बया! ही काय आत्ता गेली न्हवं? सगळी भंडाऱ्यानं पिवळी. जेजुरीची म्हणायची." तिनं हनुवटीनं दाखवलं. "त्या बघा, तुमच्या जावयाच्या जीपमधी बसल्या बी."

लिंबाखाली मल्हारची जीप उभी. बॉनेट काढलेलं, पोट रिकामं, इंजिन न्हाई. आत चिटपाखरू न्हाई.

बानूबाईला मी कधी खोटं बोलताना बघितलं न्हाई. तिला चष्मा बी न्हाई, लांबचं मेंढरू वळखती ती.

गॅरेजमधी धूर न्हवता. भुई कोरडी. हार फळीवर जिथल्या तिथं. मी हत्यारांपुढं नाक घासलं आन् घरी गेलो. मल्हारला म्हणलं, हे इंजिन मी बसवणार न्हाई. तो तापला. "दुसऱ्यांच्या गाड्यांना शंभर बसवली, आन् जावयाच्याच गाडीला शकुन बघताय व्हय, मामा?" जेजुरी ऱ्हायली. व्याही रुसले. मी ऐकून घेतलं.

दसरा झाल्यावर टेम्पोत घालून ते इंजिन दौंडला परत नेलं. भंगारवाल्यानं पैशावरनं हुज्जत बी घातली न्हाई. मी इंजिन आणणार हे त्याला ठावं असल्यागत जागा मोकळी करून ठिवली व्हती.

"खरं सांग आता," मी म्हणलं.

त्यानं पोतं इंजिनावर वढलं. मग म्हणला, "वडापची जीप. जेजुरीवरनं येत व्हती. गाडी ठेसून भरल्याली, मागचं दार उघडतंय म्हणून ड्रायव्हरनं भाईरनं तार गुंडाळलेली. कॅनालच्या कडंला घसराय लागली तवा त्यानं इंजिन बंद केलं आन् उडी टाकली." त्यानं माझ्याकडं बघितलं न्हाई. "मागल्यांना तार सुटली न्हाई."

म्हणून रॉड सरळ व्हते. पाणी शिरलं तवा इंजिन बंद व्हतं.

मी मल्हारला म्हणलं, जीप इकून टाक. आता जीपमधी तर त्या इंजिनाचा एक नट बी न्हवता, त्यामुळं त्यानं मला येड्यात काढलं. पुण्याहून दुसरं इंजिन आणलं, दुसऱ्या मिस्त्रीकडनं बसवलं. नीलमला मी म्हणलं, तू एसटीनं जा. कस्तुराबाई म्हणली, पोरीच्या संसारात बिब्बा घालू नका. मी एकटा पडलो. मलाच वाटाय लागलं, म्हातारीला उन्हानं दिसलं आसंल काहीतरी. इंजिन गेलं, पीडा गेली.

भाऊबीज झाल्यावर मल्हार न्यायला आला. सकाळचे दहा. लख्ख ऊन. जीप धुतलेली, झेंडूचा हार घातलेला. तो पुढं बसलेला, इंजिन चालू. मागचं दार उघडं, दोन्ही बाकं रिकामी. मी दारात, हातात नीलमच्या पिशव्या. कस्तुराबाई दहीभात आणाया आत गेलेली.

नीलम प्रगतीला घेऊन जीपच्या मागं गेली. पायरीवर पाय ठिवला. काखेत पोर, हातात साडीचा घोळ, चढता येईना. मग वडापमधी बायका करत्यात तसं तिनं केलं. पोरगी आत बसलेल्याच्या हातात देत्यात ना, आधी पोर, मग आपण. तिनं प्रगतीला आत पुढं केलं.

"धरा वं आजी जरा," म्हणली, आन् हात सोडून साडी आवराय लागली.

मी पिशव्या टाकल्या आन् धावलो. दारापासनं जीप आठ-नऊ पावलं, आन् टेबलावरच्या त्या उडीपासनं माझा गुडघा हा असा अधू. एक, दोन, तीन... मी मोजली ती पावलं. पोर पडली न्हाई. बाकाच्या काठावर, कुणाच्या मांडीवर असती तेवढ्या उंचीवर, तशीच ऱ्हायली. वर बघून हसत व्हती. मी पोचलो, तिला धरलं, वढलं. सहज आली न्हाई. हिसका द्यावा लागला मला.

"आबा, असं काय हिसकावताय?" नीलम चिडली. "त्या आजींनी नीट धरली व्हती की!" आन् तिनं आत बघितलं, आन् तिच्या तोंडचा रंगच गेला.

मी पोरीला छातीशी घट्ट धरली. नवं कोरं झबलं, सकाळीच घातलेलं, दोन्ही काखंत तेवढंच ओलं गार लागत व्हतं. आन् प्रगती माझ्या खांद्यावरनं त्या रिकाम्या बाकाकडं हात करून, परत जायचं म्हणून रडत व्हती.